सुझॅन व्हेगाच्या गाण्यांतले रस्ते: ११२ नंबरपासून लडलो स्ट्रीटपर्यंत

न्यूयॉर्कच्या सबवेची १ नंबरची लाइन पकडून ११० स्ट्रीटला उतरायचं, ब्रॉडवेने दोन ब्लॉक वर चालायचं, की कोपऱ्यावर निऑनच्या अक्षरांत 'टॉम्स रेस्टॉरंट' दिसतं. अमेरिकन गायिका-गीतकार सुझॅन व्हेगाच्या गाण्यातलं 'टॉम्स डायनर' ते हेच. बाहेर फोटो काढणारे बहुतेक जण साइनफेल्ड मालिकेसाठी आलेले असतात कारण त्यातल्या कॅफेचा बाहेरचा शॉट इथला आहे, आणि याच इमारतीत वरती २०२५पर्यंत नासाची एक संशोधन संस्था होती हे तर कुणाला सांगितलं तरी पटत नाही! मी मात्र गाण्यासाठी गेले होते.

आत खिडकीजवळची जागा मिळाली, कॉफी मागवली. गाण्यात काउंटरवरचा माणूस कप अर्धाच भरतो आणि गाणारी मुलगी काही बोलायच्या आत त्याचं लक्ष दारातून येणाऱ्या दुसऱ्याच कुणाकडे जातं. मग पेपर उघडते, त्यात एका नटाच्या मृत्यूची बातमी, म्हणजे विल्यम होल्डन, १९८१चा नोव्हेंबर. बाहेर पाऊस, काचेपलीकडे एक बाई स्वतःचं प्रतिबिंब बघत कपडे नीट करतेय, तिला आतली ही दिसतच नाही. बस्स, एवढंच गाणं. वाद्य एकही नाही, नुसता आवाज.

आणि शेवटी घंटा वाजतात ना, कॅथीड्रलच्या, त्याचं मला इतकी वर्षं वाटायचं की ते असंच कवितेत आलं असेल. बाहेर येऊन ११२ नंबरच्या रस्त्यावर पूर्वेकडे मान वळवली तर रस्ता जिथे अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूला मिळतो तिथे बरोब्बर समोर सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रल उभं! १८९२मध्ये बांधायला घेतलं, अजून पूर्ण झालेलं नाही, आणि डायनरपासून फक्त एका ब्लॉकवर. म्हणजे घंटा तिला खरंच ऐकू येत असणार. बर्नार्ड कॉलेज पण इथून चालत काही मिनिटांवर, तिथेच ती शिकली, त्यामुळे हा कोपरा तिच्या रोजच्या पायाखालचा. मला तिचं हेच फार आवडतं, की ती अख्ख्या शहरावर गाणं लिहायला जात नाही, एक खिडकी घेते आणि तेवढ्यातूनच दिसतं ते लिहिते, आणि म्हणून तिथे जाऊन उभं राहिलं की गाणं इंचाइंचाने जुळतं.

हे गाणं १९८७च्या 'सॉलिट्यूड स्टँडिंग' अल्बमचं पहिलं गाणं, आणि शेवटी तीच चाल परत येते, फक्त वाद्यांवर. 'लुका' पण यातलंच, अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलेलं, आणि ते नाव तिच्या बिल्डिंगच्या आवारात खेळणाऱ्या एका मुलाचं. जाता जाता, एमपी३ बनवताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग यांनी 'टॉम्स डायनर'च पुन्हा पुन्हा ऐकून आवाज तपासला होता, कारण इतका उघडा आवाज कॉम्प्रेस केला की लगेच खराब व्हायचा.

तिथून खाली चालत निघाले. १०७ नंबरच्या आसपास वेस्ट एंड अ‍ॅव्हेन्यू सुरू होतो, तो धरला आणि १०० नंबरला रिव्हरसाइड ड्राइव्हकडे वळले, तिथे फायरमेन्स मेमोरियल, म्हणजे अग्निशमन जवानांचं स्मारक आहे, १९१३चं. आता हे तिच्या २००७च्या 'ब्यूटी अँड क्राइम' अल्बमचे रस्ते. त्यातलं 'झेफर अँड आय' म्हणजे ग्राफिटी करणारा, भिंतींवर स्प्रेने रंगवणारा झेफर आणि ती वेस्ट एंडवर उभं राहून सत्तरच्या दशकातल्या मुलांबद्दल बोलतायत, जी या स्मारकापाशी जमायची. चाल एकदम उडती आहे हो, पण शब्द नीट ऐकले की पोटात कालवतं, कारण तोपर्यंत ११ सप्टेंबरचा हल्ला होऊन गेलेला आणि २००२मध्ये तिचा भाऊ टिम, तो पण ग्राफिटी आर्टिस्ट, गेलेला. अल्बम त्यालाच अर्पण केलाय.

मग सबवेने पार खाली लोअर ईस्ट साइडला. लडलो स्ट्रीट ह्यूस्टनपासून सुरू होतो, तोंडावरच कॅट्झ डेली या सँडविचच्या दुकानाची रांग, ती ओलांडून आत गेलं की अरुंद रस्ता, दोन्हीकडे विटांच्या जुन्या चाळवजा इमारती, दर्शनी भिंतीवर लोखंडी फायर एस्केपचे जिने, खाली बार आणि शटरवर स्प्रेचे रंग. 'लडलो स्ट्रीट' गाण्यात ती म्हणते की इथली प्रत्येक पायरी, प्रत्येक दार भावाशिवाय अर्धवट वाटतं. डायनरमधली मुलगी काचेआडून अनोळखी माणसं बघत होती, इथे तीच बाई रस्त्यावर उतरून एकाच माणसाला शोधतेय, आणि मला विचाराल तर हा अल्बम 'सॉलिट्यूड'पेक्षा मोठा आहे, फक्त लोकांनी तो तेवढा ऐकला नाही.

जाणार असाल तर सकाळी ११२पासून सुरुवात करा, उलट दिशेने नको. आणि लडलोला पोचेपर्यंत 'ब्यूटी अँड क्राइम' अख्खा ऐकून झालेला असू द्या.