‘बसा’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्याकडे जाऊन आलो. आत्या असे लिहिले खरे, पण तो शब्द आमच्या तोंडी कधी नव्हताच. ती फुई आहे. दोन दिवस झाले तरी तिचा एक शब्द मनातून जात नाही, म्हणून आज पुन्हा वही उघडली.

मी ओसरीवर चपला काढत होतो. आत चुलीवर पालथे खापर तापले होते आणि पुरण भरलेला मांडा ती या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत वाढवत नेत होती. अशा वेळी तिच्याशी कोणी बोलत नाही, कारण जरा लक्ष चळले की मांडा फाटतो. तो खापरावर पसरून झाल्यावर तिने मान वळवली, मला पाहिले, पदराने कपाळ टिपले आणि म्हणाली, “या, बसा. जळगावची गाडी वेळेवर मिळाली का?”

एरवी ती आमच्या खानदेशातल्या अहिराणीत ‘कव्हय उना? जेवना का?’ (कधी आलास? जेवलास का?) एवढे विचारते आणि उत्तराची वाट न पाहता काहीतरी काम सांगते. ‘बसा’ हा शब्द तिने तलाठ्यासाठी, डॉक्टरसाठी आणि नव्या व्याह्यांसाठी राखून ठेवलेला आहे. शिवाय त्या एका वाक्यात ‘ळ’ तीनदा आला आणि तिन्ही वेळा स्वच्छ उमटला. भाच्याला वाईट वाटण्याआधी माझ्यातल्या मास्तराने तिला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले, याची लाज मला अजून वाटते आहे.

आमच्या अहिराणीत ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. जळगावचे जयगाव, धुळ्याचे धुये, डोळ्याचा डोया. पोरे पहिलीत येतात ती ‘शाया’ म्हणतच येतात, आणि नोकरीची सगळी वर्षे मी हा ‘य’ खोडण्यात घालवली. ते माझे कामच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोकरी नवी असताना, चार पाहुण्यांदेखत, आत्या बोलण्याच्या ओघात ‘जयगाव’ म्हणाली आणि मी हसत हसत ‘जळगाव’ म्हणून सुधारले. तेव्हा ती काही बोलली नाही. ताक आणायला म्हणून आत गेली.

हे तिच्या लक्षात असेल असे मला वाटत नाही. निदान वाटू नये असा माझा प्रयत्न आहे. सूनबाई बरोबर होती, ती पुण्याची, तिला समजावे म्हणून आत्या तसे बोलली असेल. म्हातारपणी माणसे अशी जपून वागतातही. परंतु ‘बसा’ म्हणताना ती सूनबाईकडे पाहत नव्हती. थोड्या वेळाने मी मुद्दाम ‘फुई, पानी दे’ म्हणून पाहिले. त्यावर “हो, देते” असे उत्तर आले, आणि तांब्याखाली ताटली ठेवून पाणी आले. त्या ताटलीबद्दल काय लिहावे ते सुचत नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेच्या कामावर होतो तेव्हाचे आठवते. मातृभाषेच्या रकान्यात लोक सांगतील तेच लिहायचे, अशी सूचना होती, आणि मी ती काटेकोरपणे पाळली. दारोदार ‘अहिराणी’ ऐकले आणि ‘अहिराणी’ लिहिले. आमच्या घरी शाळेतलाच सहकारी आला, त्याला मी ‘मराठी’ सांगितले. येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगायची सोय होती, तिथे हिंदी आणि इंग्रजी आल्या. त्या गणनेत खानदेशी या सदरात, ज्यात अहिराणी धरली जाते, साडेअठरा लाखांच्या आसपास माणसे मोजली गेली. त्यांत मी नाही. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवले, जनगणना तिला मराठीहून वेगळी मोजते आणि आम्ही वर्गात तिला मराठीची बोली म्हणून मोकळे होतो. तिचे घर कोणते हा वाद विद्वानांनी घालावा. मला त्या घरात पाहुण्यासारखे का बसवले, एवढेच विचारायचे होते, आणि ते विचारायला लागणारी अहिराणी ऐन वेळी जिभेवर आली नाही.

बरे, आली असती तरी ती कशी आली असती? सध्या माझी अहिराणी म्हणजे मराठीतून ‘ळ’ काढून टाकलेला मजकूर आहे. काल रात्री हीच नोंद अहिराणीत लिहायला घेतली, तर तिसऱ्या ओळीवर मी स्वतःचेच शुद्धलेखन तपासत होतो. हसू आले. जन्मभर दुसऱ्यांचा ‘य’ खोडणाऱ्या माणसाला स्वतःसाठी दोन ‘य’ उसने मिळू नयेत, हे तसे न्यायाचेच झाले.

निघताना कैऱ्यांचे पोते रिक्षात ठेवायचे होते. आत्या पायरीवर उभी राहून नातवावर ओरडत होती, अगदी पूर्वीच्या आवाजात, आणि मी नेमका त्या दोघांच्या मध्ये उभा होतो. पोते हलले तशी ती माझ्यावरही ओरडली, “सरक रे!”

मी सरकलो. अमळनेर स्टेशन येईपर्यंत मी त्यातल्या ‘रे’वर खूश होतो. गाडीत बसल्यावर ध्यानात आले की हे दोन शब्द अहिराणीत आणि मराठीत अगदी सारखेच आहेत, आणि ती त्यांतल्या कोणत्या भाषेत ओरडली हे मला अजून ठरवता आलेले नाही.