वाढीच्या तक्त्यावरचे ठिपके

लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा गोवर-रुबेला लसीच्या पहिल्या डोससाठी आम्ही तिला दादरच्या दवाखान्यात नेले. लस टोचण्यापूर्वी परिचारिकेने तिचे वजन, उंची आणि डोक्याचा घेर मोजून कार्डावरील तक्त्यात ठिपके मांडले, आणि वजनाची रेषा तीन महिन्यांत आडवी होत चालली आहे, ही आम्हा रोज पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट लगेच दाखवून दिली. मूल धडधाकट असताना डॉक्टरांकडे कशाला, असे विचारणाऱ्या सासूबाई आता ते कार्ड स्वतः जपून ठेवतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा चुकलेल्या डोसांची किंमत मुंबईने पाहिलीच आहे. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. तारीख मी आत्ताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.