कुंडीखालची प्लेट

नागपूरच्या महाल भागातलं आजीचं घर विकायचं ठरलं आणि सामान आवरताना अंगणातल्या मोगऱ्याच्या कुंडीखालून एक प्लेट निघाली. जाडजूड, पांढरी, पाण्या-मातीच्या डागांनी पिवळी पडलेली. काठाशी निळ्या रंगात, एकमेकांत गुंफलेली तीन अक्षरं: बी.एन.आर. आजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे ती घरात कुठून आली हे विचारायचं कामच नव्हतं. आई म्हणाली, "आजीनं तिला कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. स्टेशनातल्या रिफ्रेशमेंट रूमची प्लेट ती, तिच्यात कोणी काय खाल्लं असेल देव जाणे!" घरात चिनी मातीला मुभा होती ती कपबशीची आणि लोणच्याच्या बरणीची. त्या सोवळ्यामुळेच ती वाचली. रोजच्या घासपुशीत असती तर दोन दिवाळ्याही निघाल्या नसत्या.

मी प्लेट उलटी केली आणि तिथून हे वेड लागलं. मागे अर्धवट पुसलेला शिक्का होता: बर्स्लेम, इंग्लंड. बर्स्लेम म्हणजे स्टॅफर्डशायरमधला साहेबांचा कुंभारवाडा. अमेरिकेने १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून असल्या शिक्क्यांत 'इंग्लंड' सर्रास दिसू लागतं. ही झाली आधीची हद्द. नंतरची हद्द रेल्वेनेच दिली. कंपनी १८८७ ची. सरकारने ती १९४४ मध्ये ताब्यात घेतली आणि १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत मिसळली. त्यानंतर बी.एन.आर.च्या नावाने कोण कशाला प्लेटा मागवणार? तसंच जी.आय.पी.चं, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं. १९५१ ला मध्य रेल्वे झाली आणि ती अक्षरं गेली. तारीख छापलेली नसली तरी मालकाच्या नावावरून वय निघतं, हे मला फार आवडलं.

मग नागपूरजवळचं कामठी. तिथली छावणी १८२१ ची, आज गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र तिथेच आहे. आसपासच्या जुन्या बंगल्यांतलं सामान कबाड्यांकडे येतं, असं कोणीतरी सांगितलं म्हणून एका रविवारी गेले. एका दुकानात पोत्यात भरलेल्या प्लेटा होत्या. मी एक उचलली तर दुकानदार म्हणतो, "एकच काहून नेता ताई? पोतंच घेऊन जा नं." पोत्यातल्या अर्ध्या फुटलेल्या होत्या. त्यातून तीन घेतल्या. एकीवर मुकुटाखाली जी.आर.आय. अशी अक्षरं होती. त्यातला 'जी' म्हणजे जॉर्ज आणि 'आय' म्हणजे सम्राट. सहाव्या जॉर्जने हिंदुस्थानच्या सम्राटपदाची उपाधी १९४८ मध्ये सोडली, म्हणजे प्लेट त्याआधीची. दुसरीच्या मागे कावळ्याच्या पायासारखी खूण होती, तीन रेघा वर एका टोकाला मिळालेल्या. ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची निशाणी. बंदुकीपासून घोंगडीपर्यंत सगळ्यावर मारत, प्लेट तरी कशी सुटेल!

आजच्या पलटणींची चिन्हं असलेल्या वस्तू मात्र मी घेत नाही. माल कंडम ठरवून रीतसर लिलावात निघाला की मागच्या दाराने, याचा कागद कबाड्याकडे नसतो.

घेताना काय बघायचं, हे मी माठावरून शिकले. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारतोच की. प्लेट बोटावर तोलून टिचकी मारा. खणखणली तर ठीक, भद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. मग बुडाच्या कडेला, जिथे झिलई नसते, तिथे पाण्याचा थेंब ठेवा. हॉटेल-मेससाठीची चांगली भांडी इतक्या कडक भट्टीत भाजलेली असतात की माती काचेसारखी बंद होते आणि थेंब तसाच राहतो. साधी मातीची वस्तू तो पिऊन टाकते. अशा मातीवर टवका उडाला की चहा, तेल, डाळ सगळं झिलईखाली शिरतं आणि तपकिरी डाग पडतो. माझी कुंडीखालची प्लेट याच जातीची निघाली.

आणि तिथेच मी घोळ घातला. कामठीच्या तिसऱ्या प्लेटवरही तसेच डाग होते. घरातलं ब्लीच पाण्यात घालून तिला रात्रभर बुडवलं. सकाळी ती दुधासारखी पांढरी! मी खूश. चार महिन्यांनी झिलईतल्या बारीक चिरांच्या जाळीच्या कडांवर पांढरी भुकटी दिसायला लागली आणि झिलईचे पापुद्रे निघाले. ब्लीचचे क्षार आत राहतात, वाळताना त्यांचे खडे होतात आणि ते झिलईला खालून ढकलतात. ती प्लेट गेली ती गेलीच.

आजीच्या प्लेटला म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये मिळतं ते ३ टक्क्यांचं. आधी एक दिवस साध्या पाण्यात, मग पेरॉक्साइडमध्ये, डब्याचं झाकण सैल ठेवून, कारण आत वायू तयार होतो. डबा मे महिन्यात गच्चीवर ठेवला. नागपूरच्या उन्हाचा आयुष्यात एकदा तरी उपयोग झाला. दर दोन दिवसांनी द्रव बदलत अकरा दिवस गेले. डाग साफ गेले नाहीत, फिके झाले. काट्या-सुऱ्यांनी पडलेल्या करड्या रेघा खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने निघाल्या. त्या रेघा म्हणजे ओरखडे नसतात, प्लेटवर घासलेला धातू असतो.

फसलेही. एकाने फोनवर रेजिमेंटच्या चिन्हाची 'ब्रिटिशकालीन' प्लेट दाखवली, पैसे भरून मागवली. हातात आल्यावर चिन्हाची कड नखाला लागली. जुन्या मेसच्या मालावर छाप बहुधा झिलईखाली असतो आणि बोट सपाट सरकतं. हे नव्या प्लेटवर चिकटवलेलं चित्र होतं. मागे शिक्का तर नव्हताच.

आता माझ्याकडे नऊ नग आहेत. त्यात आम्ही जेवत नाही. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबट वरण-कढी त्याला बाहेर काढते. शंभर वर्षांवरची वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या मावसभावाने 'एक पाठव' म्हटलं तेव्हा फोटो पाठवला.

गेल्या महिन्यात कामठीहून फोन आला. "ताई, तुमच्या त्या बी.एन.आर.ची चहादाणी आली जी. झाकण नाही, तोटी जराशी फुटेल आहे."

मी किंमत विचारत होते, तेवढ्यात आईने मागून विचारलं, "ठेवणार कुठे? स्वयंपाकघरात नाही ना?"