कारवीची बोंडं

आठ वर्षं वाट पाहून गेले आणि अर्ध्या तासात चिडून परत फिरले. सप्टेंबर 2024, पितृपक्ष. दादाने घरी आईचं पान वाढलं, मी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांकडे गेले. शेवटची कारवी मी आईला तिथेच दाखवली होती, 2016 मध्ये. दाखवली कसली, तिनेच मला दाखवली.

मला तेव्हा कारवी म्हणजे फुलं एवढंच माहीत. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी अख्खा डोंगर जांभळा करते आणि बी धरून मरते. 2008, 2016, 2024 हा हिशेब मला पाठ. आई मावळातल्या कुडाच्या घरात वाढलेली. भिंती कारवीच्या, वरून शेणामातीचा लिंपा. तिने फुलांकडे बघितलंसुद्धा नाही. भेंडी घेताना दाबून बघावी तसं एक खोड अंगठ्याने दाबलं आणि म्हणाली, "कोवळं आहे. पुढच्या उन्हाळ्यात कापायचं."

मी फोटो काढत होते. "आई, जरा फुलांजवळ उभी राहा ना."

"फुलताना काय बघायचं गं? फुटताना यावं. पहिल्या पावसात बोंडं तडकतात. आम्ही अंथरुणात पडून ऐकायचो."

मी "हो हो" म्हटलं आणि दुसरा फोटो काढला.

गुडघे दुखायला लागल्यावर ती 87 क्रमांकाच्या लेण्यात बसली. लेणं कसलं, कड्याखालची लांबलचक कपार. गेलेल्या भिक्षूंचे विटांचे स्तूप तिथे बांधलेले होते, आता जोती तेवढी उरली आहेत. कोरीव लेखांत त्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावंही सापडली आहेत. हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बसायला गार आहे," आणि चप्पल काढून पाय पसरले. 2021 मध्ये ती गेली.

तर, 2024. रडू येईल म्हणून दोन रुमाल घेऊन गेले होते. उतार फुललेला होता, मधमाश्यांचा नुसता गुंजारव, आणि त्या सगळ्यावर कुणाच्या तरी पाठीवरच्या स्पीकरमधलं गाणं. सेल्फीसाठी लोक थेट झुडपांत घुसत होते. एकाने मुलीच्या केसांत माळायला तुराच तोडला. मी त्याला बोलले. तो म्हणाला, "काकू, एवढी आहेत की!" एवढी होती हे खरं. काकू जास्त लागलं, हेही खरं. रुमाल कोरडेच घरी आले. ज्याच्यासाठी वर्षं मोजली ते आलं आणि मला काहीच झालं नाही, या विचाराने पुढचे काही महिने मी त्या डोंगराचं नावही काढलं नाही.

2025 मध्ये पाऊस मुंबईत 26 मेलाच आला, आजवरचा सर्वांत लवकर. खिडकीत उभी होते आणि एकदम आईचं "फुटताना यावं" आठवलं. निघाले असते तशीच, पण सोमवार होता, उद्यान बंद. मंगळवारी कुणाला न सांगता गेले.

पायऱ्यांवर फारसं कुणी नव्हतं. कारवी सगळी मेलेली, तपकिरी काठ्यांचं रान. फोटो काढावा असं काहीही नाही. छत्री उलटी झाली, बूट भिजले, आपण वेड्यासारख्या का आलो असं वाटायला लागलं. 87 च्या कपारीत जाऊन साधारण तिच्याच जागी बसले. पाऊस थांबला तरी टकटक चालूच. आधी वाटलं पागोळ्या. मग लक्षात आलं, आवाज वरून नाही, समोरच्या झुडपांतून येतोय. एक इथे, मग बराच वेळ काही नाही, मग तीनचार लागोपाठ. बरीच बोंडं आधीच फुटून गेली असावीत. ही मागे राहिलेली.

किती वेळ बसले कोण जाणे. रुमाल या वेळी आणला नव्हता, ओढणीने भागवलं.

उठले, पहिल्या झुडपाशी गेले. वाळलेल्या तुऱ्याला हात लागला तर बोटं चिकट झाली, उग्र वास आला. खाली वाकून खोड अंगठ्याने दाबलं. टणक, सरळ, मनगटाशी लावून बघावं असं.

कापायला झाली होती.