जाताना वीस मिनिटं, येताना सव्वादोन तास

परवा संध्याकाळी वहिनी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आल्या त्या हातात विमानाची तिकिटं घेऊनच. पुतणी स्पेनच्या राजधानीत, माद्रिदला नोकरीला आहे. डिसेंबरात दादा-वहिनी तिच्याकडे जाणार आणि मधले चार दिवस सगळे मिळून पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला.

"भाऊजी, हे बघा. माद्रिदहून सकाळी सव्वादहाला निघून दहा पस्तीसला लिस्बन. आणि परत येताना साडेसहाला निघून पावणेनऊला माद्रिद. जाताना वीस मिनिटं, येताना सव्वादोन तास? तिकीट चुकलंय की काय?"

त्या खरंच घाबरल्या होत्या. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे चहा ठेवायच्या आधी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला.

शिवणाच्या डब्यातला लाल दोरा वहिनींनीच माद्रिदवर धरला आणि लिस्बनपर्यंत ताणला. माझा गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा. दोरा भरला जेमतेम सव्वा सेंटिमीटर, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास. मग कागदावर पडताळलं. माद्रिद ३.७ अंश पश्चिम रेखांशावर, लिस्बन ९.१ वर. फरक ५.४ अंशांचा. विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटरचा, पण तिथल्या अक्षांशावर तो आक्रसून साधारण ८६ चा होतो. त्यात उत्तर-दक्षिण अंतर धरून पायथागोरस लावला, उत्तर ५०० च्या जवळ आलं. आपल्या मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गाएवढंच, तो ४९१ किलोमीटरचा आहे.

एवढ्या अंतराला विमान सव्वा तासाच्या आसपास घेतं, जातानाही आणि येतानाही. चढण्या-उतरण्यात आणि धावपट्टीपर्यंत रांगण्यात बराच वेळ जातो. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून पाचेक मिनिटं वाचतात. बाकी सगळा खेळ घड्याळाचा. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावाची. लिस्बन माद्रिदच्या एक तास मागे.

इथे मला राहवलं नाही. ५.४ अंशांना सूर्य जेमतेम बावीस मिनिटं घेतो, मग घड्याळात पूर्ण तास का? कारण १९४० मध्ये स्पेनने आपलं घड्याळ एक तास पुढे नेलं आणि ते तसंच राहिलं. त्यामुळे हिवाळ्यात माद्रिदचा सूर्य घड्याळाच्या सव्वा तास मागे चालतो. बडोद्यालाही हे थोडं लागू आहेच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, आपण ७३.२ अंशांवर. आपला सूर्य सदतीस मिनिटं मागे.

वहिनींचा पुढचा प्रश्न आगगाडीचा, कारण दादांना विमानात कान दुखतात. तिथे मात्र निराशा झाली. या दोन राजधान्यांमधली रात्रीची गाडी २०२० मध्ये बंद पडली, आणि अजून थेट गाडी नाही. दोन शेजारी राजधान्या, आणि मधे एक सरळ गाडी असू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेवटी चढता-उतरताना आवळ्याची सुपारी चघळायची, असं ठरलं.

निघताना वहिनींनी तिकिटांवर पेनने लिहिलं: 'जाताना १ तास २० मि., येताना १ तास १५ मि.' आणि त्याखाली बडोद्याची वेळ: दुपारी पावणेतीनला उड्डाण, चार वाजून पाच मिनिटांनी लिस्बन. मला सांगितलं, "चार वाजून गेले की फोनजवळ बसा."