लेहला पोचलात? आधी लोळा

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट न थांबता पळत चढणारा माणूस लेहच्या हॉटेलात दुसऱ्या मजल्यावर जाताना जिन्याच्या वळणावरच बसला. तो मी. पाठीवर फक्त सॅक होती.

आम्ही अठरा जण. रात्री साताऱ्याहून गाडीने पुणे, तिथून दिल्ली आणि पहाटेच्या विमानाने लेह. दुपारनंतर तिथल्या खोऱ्यात वारा सुटतो, म्हणून विमानं बहुतेक सकाळची. हवा बिघडली की रद्दही होतात, त्यामुळे परतीच्या दुसऱ्याच दिवशी घरात कार्य वगैरे ठेवू नका.

बाहेर आलो तर लख्ख ऊन, गार हवा आणि सगळे एकदम ताजेतवाने. इथंच माणूस फसतो. उंचीचा त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बहुतेकदा रात्री सुरू होतो. सातारा सुमारे ७०० मीटरवर, लेह ३,५०० वर. ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के, पण हवेचा दाब जवळपास एक तृतीयांशाने कमी, म्हणून श्वासागणिक कमी मिळतो. पळण्याचा सराव इथं कामाला येत नाही. वहिनींनी बॅग उघडली तर चिवड्याचं सीलबंद पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. कंदी पेढे मात्र होते तसेच.

कार्यक्रमपत्रिकेत पहिल्याच संध्याकाळी टेकडीवरचा शांती स्तूप छापला होता. आमच्यातले एक निवृत्त मास्तर टूर मॅनेजरला म्हणाले, "अहो, स्तूप काय पळून चाललाय? परवा बघू." मॅनेजरने ऐकलं. दोन पोरांनी ऐकलं नाही, पायऱ्यांनी गेली. रात्री एकाचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. हॉटेलवाल्याने ऑक्सिजनचा सिलिंडर आणून दिला, सकाळी डॉक्टरकडे नेलं.

तेव्हा पहिले दोन दिवस मोकळे ठेवा, असं बुकिंग करतानाच कंपनीकडून लिहून घ्या. ज्येष्ठांसाठी तळमजल्याची खोली मागा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. पाणी पीत राहा, दारू नको. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा कोणी असंबद्ध बोलायला लागलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि सिम! बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड तिथं चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आमच्या अठरांत तीनच फोन चालू होते. रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे रांग.

तिसऱ्या दिवशी स्तूपाला गेलो. गाडी वरपर्यंत जाते. मी हट्टाने पायऱ्यांनी निघालो, चार वेळा थांबलो. वर पोचलो तेव्हा मास्तर पेढा घेऊन उभे होते.