गुवाहाटीत साडेचारलाच दिवेलागण

मुंबई ते गुवाहाटी हवाई अंतर साधारण २,०७० किलोमीटर, थेट विमानाला तीन तास. तिकीट निघाल्यापासून मावशी नौपाड्यात भेटेल त्याला हेच सांगत होती, "ठाण्याहून पुण्याला जायला लागतात तेवढेच!" या तीन तासांत घोडबंदर रोड कुणी धरत नाही. कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत मेट्रोच्या खांबांखालून मुंगीच्या पावलाने, मग पवई, मरोळ. विमानतळ येईपर्यंत माझी पाठ धरली होती.

कामाख्या, उमानंद, शिलाँग सगळं झालं. फोटो सगळ्यांचे असतात तसेच. लक्षात राहिली ती डिसेंबरातली पहिलीच दुपार. जेवण उशिरा झालं, जरा पडलो आणि उठून शुक्रेश्वर घाटावर गेलो. मावशीला चारचा चहा चुकवलेला चालत नाही, म्हणून घाटाजवळच्या टपरीवर उभे राहिलो. लाल चहा, दूध नाही. तिने एक घोट घेऊन माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो मीच केलाय. कपातला चहा निम्मा व्हायच्या आत ब्रह्मपुत्रेवरचा उजेड पिवळा, तांबडा, राखाडी होत गेला आणि टपरीवाल्याने बल्ब लावला. घड्याळात साडेचार. मावशीने कप तसाच फळकुटावर ठेवला, हात जोडले आणि पुटपुटत शुभंकरोती म्हणायला लागली. टपरीवाला आदराने गप्प. मग मला म्हणाली, "अरे, तिकडे सोसायटीतली पोरं आत्ता कुठे शाळेतून येत असतील!"

खरंच होतं. दोन्ही शहरांत जवळपास १९ रेखांशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सव्वा तास. घड्याळ मात्र एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचं. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी त्यावर केव्हाच तोड काढलीय: त्यांचा 'बागान टाइम' एक तास पुढे असतो. बाकीच्यांनी काय करायचं? हॉटेलवाल्याने आम्हाला साडेसातला जेवायला बोलावलं, तेव्हा राग आला होता. दुसऱ्या दिवसापासून सातलाच पोटात कावळे ओरडायला लागले.

येताना मी खिडकीला फोन टेकवून जीपीएसवर वेग बघत बसलो. जाताना ताशी साडेनऊशेच्या आसपास दिसत होता, आता सातशे. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. त्यामुळे परतीला वेळापत्रकातच अर्धा-पाऊण तास जास्त धरलेला असतो, हे तिकीट काढताना दिसतं, पण कोण बघतो! पुढच्या गृहस्थांनी उडाल्या उडाल्या सीट मागे टाकली होती आणि त्यांचं टक्कल जवळजवळ माझ्या मांडीवर होतं. अशा अवस्थेत पाऊण तास म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

मावशीला मी वाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. हातातलं गारढोण सँडविच उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "वारा त्यांच्या तोंडावर, मग या पावाचे साडेतीनशे आपल्याकडून कशाला?"